परभाषिक विद्यार्थी आणि इंग्रजी वाक्संप्रदाय : टोकियोतील एक अभ्यासपरंपरा (१८८७–१९४२)

१

इ. स. १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सन यांनी एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला आहे. साध्या क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची रीत इंग्रजीत फार मोठ्या प्रमाणावर आढळते, आणि परकीयांना सर्वांत अधिक अडचण होते ती या रचनेचीच, असे त्यांचे म्हणणे होते. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. परंतु 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. 'लुक' म्हणजे पाहणे आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर. परंतु 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. दोन्ही शब्द ठाऊक असून जोडीचा अर्थ हाती लागत नाही, अशी ही स्थिती आहे. यासाठीच जॉन्सन यांनी अशा जोड्या आपल्या कोशात कसोशीने नोंदविल्या.

इंग्रजीच्या एका ठळक विशेषाचे वर्णन करताना जॉन्सन यांना परकीय वाचकाची आठवण व्हावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या रचनेला आज रूढ असलेले 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मिळावयास त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविल्याचे नमूद केले. नाव इंग्लंडात मिळाले. परंतु परकीय विद्यार्थ्याची अडचण हाच केंद्रबिंदू मानून इंग्रजी वाक्संप्रदायांचा सलग अभ्यास जेथे उभा राहिला, ते शहर लंडन नसून टोकियो होय. या परंपरेचा मागोवा घेणे आणि तिच्यातून भाषाभ्यासाला कोणते फळ मिळाले ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

इतिहासाकडे वळण्यापूर्वी वाक्संप्रदाय हा स्वभाषकाला सहसा का दिसत नाही, याचा थोडा विचार आवश्यक आहे. मराठी भाषक मार खातो, पैसे खातो, भाव खातो, हवा खातो आणि दुसऱ्याचे डोकेही खातो. यांपैकी कोठेही अन्नाचा संबंध नाही, हे त्याला मुद्दाम विचारल्याखेरीज जाणवत नाही. 'तो नको ते बोलून बसला' या वाक्यात बसण्याची क्रिया नाही, 'पत्र लिहून टाकले' यात काही टाकलेले नाही. मराठी शिकणाऱ्या परकीयाला मात्र या प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते. स्वभाषक हे सारे लहानपणी अखंड स्वरूपात ऐकतो व अखंड स्वरूपातच बोलतो. त्याची फोड करण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही. परकीय विद्यार्थी मात्र कोश उघडून एकेका शब्दाचा अर्थ लावीत येतो, आणि जेथे हा हिशेब जुळत नाही तेथे त्याला वाक्संप्रदाय आढळतो.

यातही सर्व प्रकार सारखे अवघड नसतात. म्हण ही आपण म्हण आहो हे स्वतःच सांगते. तिचा ठसका, तिचे यमक, तिचे संदर्भाशी वरवर विसंगत दिसणे यांमुळे विद्यार्थी सावध होतो. खरा घात होतो तो काहीच विशेष न दिसणाऱ्या शब्दजोड्यांत. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो'. इंग्रजीत तो ती 'घेतो', कारण तेथे क्रियापद 'टेक' असे आहे. उलट शपथ आणि सल्ला मात्र दोन्ही भाषांत घ्यावयाचाच असतो. चूक, प्रयत्न, लग्न, अभ्यास या सर्वांना मराठीत 'करणे' पुरते. इंग्रजीत चूक 'मेक' करावी लागते, 'डू' करून चालत नाही. दोन भाषा काही ठिकाणी जुळतात म्हणूनच विद्यार्थी निर्धास्त होतो, आणि जेथे त्या जुळत नाहीत तेथे फसतो. ही दुसऱ्या प्रकारची अडचण ओळखली जाण्यास फार काळ लागला. तिची ओळख हाच टोकियोच्या परंपरेतील मुख्य टप्पा होय.

३

जपानमध्ये १८६८ साली मेइजी राजवट सुरू झाल्यावर पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्याची निकड निर्माण झाली. इंग्रजी वाचण्याचे दोन मार्ग त्या काळी ओळखले जात. 'सेइसोकू' म्हणजे नियमित पद्धती. तीत उच्चार व अर्थ दोन्ही मूळ भाषेच्या रीतीने शिकावयाचे असत. 'हेन्सोकू' म्हणजे अनियमित पद्धती. तीत उच्चाराची फारशी पर्वा न करता प्रत्येक इंग्रजी शब्दाला जपानी प्रतिशब्द द्यावयाचा आणि मग ते प्रतिशब्द जपानी वाक्यक्रमाने लावून अर्थ काढावयाचा असे. चिनी ग्रंथ अशाच रीतीने वाचण्याचा शतकानुशतकांचा अभ्यास जपानी विद्वानांना होता; तोच त्यांनी इंग्रजीला लावला. शास्त्रीय ग्रंथांच्या वाचनाला ही पद्धती बऱ्याच अंशी उपयोगी पडली. परंतु शब्दागणिक प्रतिशब्द लावणाऱ्या वाचकाला वाक्संप्रदाय जितका स्पष्टपणे अडवतो, तितका दुसऱ्या कोणालाही अडवीत नाही. हेन्सोकू पद्धतीने वाक्संप्रदायाचा प्रश्न सोडविला नाही, तथापि तो उघडा पाडला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास टोकियोच्या शाही अभियांत्रिकी महाविद्यालयात स्कॉटलंडहून आलेले अध्यापक इंग्रजी माध्यमातून शिकवीत होते. त्यांपैकी जेम्स मेन डिक्सन यांनी १८८७ साली टोकियोत इंग्रजी वाक्संप्रदायांचा एक कोश प्रसिद्ध केला. तो खास जपानी विद्यार्थ्यांसाठी रचल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले होते. त्यात प्रत्येक वाक्संप्रदाय कोणत्या प्रसंगी शोभतो याची खूण दिलेली आढळते: गद्यलेखनातील कोणता, संभाषणातील कोणता, सलगीच्या बोलण्यातील कोणता आणि ग्राम्य कोणता. इंग्रज वाचकाला अशा खुणेची गरज नसते. परकीयाला मात्र अर्थ कळूनही तो शब्दप्रयोग प्राचार्यांसमोर चालेल की केवळ मित्रमंडळींत चालेल, हे कळत नाही. ही अडचण डिक्सन यांनी वर्गात पाहिली असली पाहिजे. पुढे १८९१ साली हा कोश लंडनमध्ये पुनःप्रसिद्ध झाला, म्हणजे जपानी विद्यार्थ्यांसाठी केलेले काम इंग्रजीच्या मायभूमीत परतले. टोकियोच्या विद्यापीठात डिक्सन यांच्या हाताखाली शिकलेल्यांत पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेले नात्सुमे सोसेकी होते. या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे शिष्य मात्र दुसरे होते.

४

साइतो हिदेसाबुरो यांचा जन्म १८६६ साली सेंदाई येथे झाला. अभियांत्रिकी महाविद्यालयात ते डिक्सन यांच्यापाशी इंग्रजी शिकले. अभियंता मात्र झाले नाहीत. १८९६ साली त्यांनी टोकियोत सेइसोकू इंग्रजी विद्यालय स्थापन केले आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यापन व ग्रंथलेखन यांतच आयुष्य वेचले. ते जपानबाहेर कधीही गेले नाहीत. त्यांचे इंग्रजीचे ज्ञान सर्वस्वी ग्रंथांतून आणि स्वदेशात भेटलेल्या परकीयांकडून मिळविलेले होते.

साइतो यांचा सिद्धान्त थोडक्यात असा मांडता येतो. इंग्रजीचे सामर्थ्य आणि तिची दुर्बोधता ही दोन्ही तिच्या मोठ्या शब्दांत नसून लहान शब्दांत आहेत. दुर्मिळ शब्दाचा अर्थ कोशात पाहिला की काम भागते, पण 'टेक', 'गेट', 'पुट' ही क्रियापदे आणि 'ऑफ', 'ऑन', 'फॉर' ही अव्यये कोणत्या सोबत्याबरोबर कोणता अर्थ धारण करतात, हे कोशाच्या एका ओळीत सांगता येत नाही. या अभ्यासाला त्यांनी वाक्संप्रदायशास्त्र अशा अर्थाचे स्वतंत्र इंग्रजी नाव घडविले. इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययांवर त्यांनी अनेक भागांचा ग्रंथ लिहिला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी-जपानी कोशाच्या नावातच 'वाक्संप्रदायप्रधान' या अर्थाचा शब्द आहे. सामान्य कोशात शब्दाचे अर्थ आधी येतात व वाक्संप्रदाय शेवटी पुरवणीसारखे येतात. साइतो यांच्या कोशात शब्द कोणत्या संगतीत वावरतो हेच मुख्य आहे. शंभर वर्षांनंतर, २०१६ साली, या कोशाची नवी आवृत्ती जपानमध्ये निघाली. एका वर्गशिक्षकाच्या कोशाला एवढे आयुष्य क्वचितच लाभते.

साइतो यांच्या कामाला मर्यादाही होत्या. त्यांची सामग्री मुख्यतः लिखित वाङ्मयातून आलेली असल्यामुळे बोलभाषेचे प्रमाण तिच्यात कमी आहे, आणि वर्गीकरणाच्या हौसेने त्यांनी काढलेले काही नियम वापराच्या कसोटीला उतरत नाहीत. तथापि शब्द हे भाषेच्या अध्ययनाचे एकमेव परिमाण नव्हे, ही गोष्ट त्यांनी पामर यांच्यापूर्वी आचरणात आणली, हे मान्य करावे लागते.

५

हॅरल्ड पामर १९२२ साली जपानी शिक्षणधुरीण सावायानागी मासातारो यांच्या निमंत्रणावरून टोकियोस आले. त्यांचाही अनुभव मूळचा परभाषिकांना शिकविण्याचाच होता. बेल्जियममधील व्हेर्विए येथे १९०२ पासून पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांनी इंग्रजी शिकविले आणि त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात व्याख्याने दिली. १९१७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शब्दाहून लहान, शब्दाएवढा आणि शब्दाहून मोठा अशा तीन प्रकारच्या भाषिक घटकांना वेगवेगळी नावे दिली होती. शब्दाहून मोठा घटकही एकेका शब्दासारखाच शिकावा लागतो, ही कल्पना त्यांच्यापाशी टोकियोला येण्यापूर्वीच तयार होती. तिला भरघोस सामग्री मात्र जपानमध्ये मिळाली.

१९२३ साली टोकियोत इंग्रजी अध्यापनविषयक संशोधनसंस्था स्थापन झाली आणि पामर तिचे प्रमुख झाले. संस्थेने १९३३ साली इंग्रजीतील शब्दसाहचर्यांवर दुसरा अंतरिम अहवाल प्रसिद्ध केला. जे शब्द एकत्र आले असता त्यांचा अर्थ वा उपयोग घटक शब्दांवरून जुळविता येत नाही, म्हणून जो समूह एकसंध शिकावा लागतो, तो शब्दसाहचर्य, अशी त्यात भूमिका होती. या अहवालातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा की, इंग्रजी अवघड होण्याचे कारण तिचे शब्दही नव्हेत आणि व्याकरणही नव्हे. ज्या अस्पष्ट अडथळ्याला विद्यार्थी अडखळतो तो बहुतांशी शब्दांच्या अशा विलक्षण संगतींचा बनलेला आहे. अलंकारिक व चित्तवेधक वाक्संप्रदायांपेक्षा नीरस दिसणाऱ्या जोड्यांची संख्या कितीतरी पट अधिक आहे, हे यादी करू लागल्यावरच लक्षात आले.

या कामात पामर यांना लाभलेले सहकारी म्हणजे ए. एस. हॉर्नबी. १९२४ साली ते क्यूशू बेटावरील ओइता येथील वाणिज्य विद्यालयात शिकविण्यासाठी आले होते. १९३६ मध्ये पामर इंग्लंडास परतल्यावर संस्थेचे काम हॉर्नबी यांनी पुढे चालविले. पामर यांनी १९३८ साली अवघ्या हजार शब्दांचा एक कोश लंडनमध्ये काढला; त्यात शब्दांचे अर्थ कमी आणि त्यांच्या वाक्यातील वागणुकीची माहिती अधिक होती. हॉर्नबी यांनी तीच दृष्टी संपूर्ण कोशाला लावण्याचे ठरविले.

६

याच वर्षांत इंग्रजी सोपी करण्याचा एक वेगळा मार्ग पुढे आला होता. त्याची तुलना टोकियोच्या निष्कर्षाशी केल्यास प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. सी. के. ऑग्डन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' ही योजना मांडली. तीत शब्द केवळ ८५० आणि त्यांपैकी क्रियापदे अवघी १८ होती. बाकीच्या हजारो क्रियापदांचे काम या अठरांना अव्यये जोडून भागवावयाचे होते. कागदावर हा हिशेब मोहक दिसतो. परंतु 'टॉलरेट' हे एक क्रियापद वगळून त्याऐवजी 'पुट अप विथ' म्हणावयाचे, तर ठेवणे, वर आणि सह या तीन शब्दांतून सहन करणे हा अर्थ परकीयाने कसा काढावा? 'टॉलरेट' एकदा पाठ केले की संपते. फ्रेंच किंवा स्पॅनिश भाषकाला तर ते पाठही करावे लागत नाही. ऑग्डन यांनी शब्दांची संख्या घटविली, परंतु ओझे घटले नाही. यादीत मोजता येत होते ते न मोजता येणाऱ्या ठिकाणी जाऊन बसले.

१९३४ साली टोरंटोहून प्रसिद्ध झालेल्या बेसिकच्या परीक्षणात मायकेल वेस्ट व त्यांचे सहकारी यांनी हा आक्षेप विस्ताराने मांडला. वेस्ट यांचा अनुभव बंगालमधील होता. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असता त्यांनी तेथील मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला आणि त्यावर १९२६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजीच्या लहान शब्दांचे अवघडपण ज्यांनी ओळखले ते परकीय विद्यार्थ्यांपुढे उभे राहिलेले शिक्षक होते, हा योगायोग म्हणता येत नाही. ऑग्डन यांचा युक्तिवाद स्वभाषकाचा आहे: ज्याला 'पुट अप विथ' हे श्वासोच्छ्वासाइतके सहज येते, त्याला ते सोपे वाटणारच.

७

हॉर्नबी यांनी ई. व्ही. गेटनबी व एच. वेकफील्ड यांच्या साह्याने रचलेला कोश १९४२ साली टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्याच्या नावात 'वाक्संप्रदायात्मक' आणि 'वाक्यरचनात्मक' अशा अर्थांची दोन विशेषणे होती. त्या वेळी जपान व ब्रिटन यांचे युद्ध चालू होते आणि डिसेंबर १९४१ पासून हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध होते. शत्रूच्या भाषेचा हा कोश शत्रूच्या राजधानीत छापला गेला आणि १९४२ मध्येच नागरिकांच्या अदलाबदलीत त्याचे संपादक मायदेशी परतले. ऑक्सफर्डने तो १९४८ साली पुनर्मुद्रित केला. १९५२ पासून तो 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने ओळखला जाऊ लागला.

भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हाती हा कोश आला. नाम गणनीय आहे की अगणनीय, क्रियापद पंचवीस रचनांपैकी कोणत्या रचनेत बसते, ही त्यातील माहिती इंग्रजी भाषकासाठी केलेल्या कोशात आढळत नसे, कारण त्याला ती नकोच असते. वाचताना अर्थ पाहणाऱ्यापेक्षा लिहू व बोलू पाहणाऱ्या परकीयाला समोर ठेवून तो रचला होता. या कोशाला सर्वजण ऑक्सफर्डचा म्हणून ओळखतात; त्यामागील टोकियोतील पंचावन्न वर्षांची खटपट बहुधा विस्मरणात जाते.

भाषाशास्त्राच्या इतिहासातही अशीच गोष्ट घडली आहे. शब्दसाहचर्य ही संज्ञा भाषाशास्त्रात सामान्यतः जे. आर. फर्थ यांच्या नावावर जमा केली जाते. त्यांनी ती १९५१ च्या आपल्या लेखात अर्थविचाराशी जोडली. फर्थ यांनी तिला व्यापक सैद्धान्तिक रूप दिले यात संशय नाही. तथापि तीच संज्ञा टोकियोच्या शिक्षकांनी त्यापूर्वी अठरा वर्षे व्याख्या करून आणि सामग्री गोळा करून वापरली होती. पुढे जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम येथे संगणकाच्या साह्याने इंग्रजी मजकुराचा विशाल साठा तपासला. त्यातून १९८७ साली 'कोबिल्ड' हा कोश निघाला. हाही कोश परभाषिक विद्यार्थ्यांसाठीच होता. बोलणारा मनुष्य सुटे शब्द निवडून वाक्य रचतो त्यापेक्षा तयार शब्दसमूह वापरतो, असे तत्त्व सिंक्लेअर यांनी १९९१ मध्ये मांडले. वर्गातील अडचणीवरून पामर यांनी जे अनुमान केले होते, त्याला यंत्राने पुरावा मिळाला.

८

या इतिहासावरून, भाषेतील वाक्संप्रदाय परकीयच शोधतो असा सरसकट नियम काढणे मात्र चूक ठरेल. मराठीचे उदाहरण पाहता दोन्ही बाजू दिसतात. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती आली. मराठी शब्दांच्या लकबी त्यात ज्या बारकाईने टिपल्या आहेत, ती परक्याच्या कानाची कमाई आहे. मात्र त्या कानाला साह्य मराठी शास्त्री-पंडितांचे होते, हे विसरता येत नाही. आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. दुसऱ्या बाजूला, य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' हे स्वभाषकांचे काम आहे. त्याचा पहिला भाग १९४२ साली, म्हणजे हॉर्नबी यांचा कोश टोकियोत निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. दोघांच्या दृष्टींतील फरक उद्बोधक आहे. दाते-कर्वे यांनी भाषेचा ठेवा जतन केला. त्यामुळे रंगतदार, ऐतिहासिक व अर्थगर्भ प्रयोगांना त्यात प्राधान्य आहे. परीक्षा 'देतात' पण शपथ 'घेतात', अशा नीरस नोंदींची गरज स्वभाषक वाचकाला नसते.

अशा नोंदी करावयाच्या तर मराठी शिकणाऱ्या अमराठी विद्यार्थ्याच्या चुका हीच उत्तम सामग्री होय. कोणत्या ठिकाणी त्याचे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही मराठी वाटत नाही, हे वर्गशिक्षकाने तारखेनिशी टिपून ठेवल्यास मराठी शब्दसाहचर्यांची यादी आपोआप तयार होऊ लागेल. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या चुकांनाही हेच लागू पडते. त्याच्या वहीतील 'डू अ मिस्टेक' या प्रयोगात इंग्रजीच्या एका जोडीची आणि मराठीच्या 'करणे' या क्रियापदाच्या विस्ताराची, अशी दोन्ही भाषांची माहिती एकाच वेळी सापडते. साइतो यांनी जपानबाहेर पाऊल न टाकता केवळ अशाच ठिकाणी थांबून इंग्रजीचे परीक्षण केले. ज्या चुकीवर आपल्याकडे लाल शाईची रेघ ओढून पान उलटले जाते, ती वर्गवार जमविण्याचे काम विद्यापीठांच्या भाषाविभागांना सहज करता येण्यासारखे आहे.